पांढऱ्या ढिगापाशी काढलेल्या चपला

भागूबाई हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव कारखान्याच्या हजेरीवर असेल तेवढंच. भित्री म्हणून भागूबाई, झालं. आणि नाव ठेवणारीही कुणी परकी नव्हती, तिची सख्खी नणंद. कामाच्या पहिल्याच आठवड्यात कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याच्या पलीकडून, सगळ्यांसमोर ओरडून तिने ते बहाल केलं. ते असं चिकटलं की मुकादमसुद्धा "ओ भागूबाई" म्हणूनच हाक मारायला लागला.

"हिला भ्यायला कारण लागत नाही," असं नणंद म्हणायची. हे मात्र साफ खोटं. कारण लागायचं, फक्त कुठलंही चालायचं. कुकरची शिट्टी झाली नाही तर भीती, झाली तर दचकणं. दारावर थाप पडली की कुणीतरी वाईट बातमी घेऊन आलंय. नवरा ट्रकवर, निम्मा महिना बाहेरगावी. त्याचा फोन आला की "काय झालं?" आणि नाही आला की "काय झालं असेल?" तो बिचारा शेवटी फोनवर आधी "जिवंत आहे" एवढं सांगून टाकायचा आणि मग बाकीचं बोलायचा.

नवरा नसला की त्या दोन खोल्यांत या दोघीच. नणंद वयाने मोठी, नवरा गेल्यावर भावाकडे आलेली, जिभेला हाड म्हणून नाही. पण भागूबाईला कामाला लावलं तिनेच, रोज तिच्या डब्यात दोन घास जास्त भरायची तीच, आणि अंधारात मोरीपर्यंत सोबत जायची तीही. जाताना अर्थातच बोलत जायची. "चल बाई चल, मोरीत वाघ बसलाय, तुझीच वाट बघतोय."

कारखाना कागदाचा, म्हणजे खरं तर रद्दीचा. रद्दी घरोघरची नव्हे, इतर कारखान्यांची. छापखान्यात पुस्तकांच्या कडा कापतात त्या पट्ट्या, खोकी करताना उरलेले पुठ्ठ्याचे तुकडे, पाकिटांची त्रिकोणी कात्रणं, फसलेली छपाई. ट्रक भरभरून माल यायचा. शेडमध्ये त्याचे ढीग लागायचे. लोडर त्या ढिगात आपलं लोखंडी तोंड खुपसून माल उचलायचा आणि सरकत्या पट्ट्यावर आणून ओतायचा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहून प्लास्टिक, तारा, चिकटपट्ट्या वेचायच्या. मग पट्टा वर चढायचा आणि सगळं हौदात पाडायचा.

या हौदाची भीती मात्र एकट्या भागूबाईला नव्हती. खोल हौद, त्यात गरम पाणी, आणि तळाशी गरगर फिरणारं पोलादी पातं. पुठ्ठ्याचा अख्खा गठ्ठा आत पडला की बघता बघता त्याचा लगदा. माणूस पडला तर काय, हे कुणी बोलत नसे. म्हणून पट्ट्याच्या कडेने, सगळ्यांच्या हाताला येईल अशी लाल दोरी बांधलेली होती. ओढली की पट्टाही थांबतो आणि पातंही.

भिण्यासारखी गोष्ट आणखी एक होती, ती पांढऱ्या ढिगाची. पाकिटांची आणि पुस्तकांच्या कडांची पांढरी कात्रणं वेगळी ठेवायचे, कारण सगळ्यात जास्त किंमत त्यांचीच. हा ढीग मऊ, कोरडा, आतून ऊबदार. जेवणानंतर कुणी ना कुणी त्यावर आडवा व्हायचा, आणि आडवा झाला की हळूहळू आत रुतायचा. कात्रणं वरून घसरायची आणि माणूस दिसेनासा व्हायचा. पण ढिगावर चढायचं तर चपला काढून, हा नियम. मातीचा एक कण गेला तरी कागदावर काळा ठिपका उठतो. त्यामुळे ढिगाखाली चपला दिसल्या म्हणजे वर कुणीतरी आहे, हे ठरलेलं. लोडरवाला आधी खाली बघायचा. चपला असल्या की भोंगा वाजवायचा, चार शिव्या हासडायचा, आणि वरून कुणीतरी डोळे चोळत उतरायचा. असं वर्षानुवर्षं चाललेलं. कागदावर लिहिलेलं कुठे नव्हतं, पण चुकलंही कधी नव्हतं.

भागूबाईचा मात्र चपलांवर विश्वास नव्हता. ती दोरी ओढायची.

एकदा रबरी मोजा बघून ओढली. त्यात कात्रणं भरून बोटं फुगली होती, तिला वाटलं हात आहे. एकदा तर कहर झाला. कुठल्याशा दुकानाच्या जाहिरातीतला पुठ्ठ्याचा माणूस, पुरुषभर उंचीचा, दात काढून हसणारा, पट्ट्यावरून उताणा येत होता. भागूबाईने दोरी ओढली, किंकाळी फोडली आणि मटकन खाली बसली. बाया हसून हसून बेजार. त्या पुठ्ठ्याच्या माणसाला त्यांनी कोपऱ्यात उभं केलं आणि त्याचं नाव ठेवलं जावईबापू. रोज सकाळी कुणीतरी हमखास विचारायचं, "भागूबाई, जावईबापूंना चहा दिला का?" ती हसायची. पण त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं तिला कधी जमलं नाही.

हसण्यावारी गेलं ते ताई येईपर्यंत. ताई म्हणजे मालकांची मुलगी. बापाचे गुडघे गेले तेव्हा कारखाना हिने हातात घेतला. बाई वाईट नव्हती. एके दिवशी तिने सगळ्यांना शेडमध्ये बसवलं, स्वतः एका गठ्ठ्यावर बसली आणि स्पष्ट सांगितलं.

"शंभर किलो रद्दी घेतली तर ऐंशी किलो कागद होतो. बाकी गोंद, तारा, गाळ. तो गाळ टाकायचा तरी खर्च आपल्यालाच. वर पाणी, वाफ, वीज. तिकडे जहाजातून नवा लगदा येतोय, कोरडा, स्वच्छ, नि सध्या स्वस्त. तो घ्यायचा ठरवला तर या शेडची गरजच उरत नाही."



"एकच वाट आहे," ताई म्हणाली. "खोक्यांचा मोठा कारखाना आहे ना, तो त्याची सगळी कात्रणं आपल्याला द्यायला तयार होतोय. एकाच जातीचा माल, वेचायला कमी. आपण त्याचाच पुठ्ठा करून त्यांना परत द्यायचा. त्यांचा ट्रक कात्रणं घेऊन येईल, पुठ्ठा घेऊन जाईल, रिकामा एकदाही धावणार नाही. तिथे गणित जमतं. पण पट्टा थांबला की लगदा पातळ होतो, पलीकडे मशीनवर ओला कागद तुटतो, परत चढवेपर्यंत सगळी वाफ फुकट. ते बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर पट्टा थांबता कामा नये."

तिने भागूबाईचं नाव घेतलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून भागूबाईची दुहेरी पंचाईत झाली. आधी एक भीती होती, आता दोन झाल्या. दोरी नाही ओढली आणि खरंच कुणी असलं तर? ओढली आणि कुणी नसलं तर? शेड बंद, वीस-पंचवीस घरांच्या चुली बंद, आणि त्यातली एक आपली. नवऱ्याच्या ट्रकचं काम आज आहे, उद्या नाही. दोन्ही पगार गेले तर नणंदेच्या बोलण्यावर पोट भरायचं काय?

खोकीवाले यायचे त्या दिवशी सकाळी चहा घेताना नणंदेने पेला खाली ठेवला. "इकडे बघ. आज दोरीला हात लावायचा नाही."

"नाही लावत, वन्सं."

"असं नाही. माझी शपथ घे. हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"असं काय अभद्र बोलता सकाळी सकाळी!"

"घे म्हटलं ना!"

भागूबाईने शपथ घेतली. घेताना नणंदेचा हात हातात धरला तर तो गरम लागला. "वन्सं, तुम्हाला कणकण आहे." "चहाचा पेला धरलाय मी, गरम नाही लागणार तर काय गार लागेल?" नणंदेने तिला झटकून टाकलं आणि चपला पायात सरकवल्या. तिच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिने तो गठ्ठे बांधायच्या लाल सुतळीने शिवला होता. नवी चप्पल घ्यायला सांगितलं की म्हणायची, "शेड राहिली तर घेईन."

कारखान्यात नुसती धांदल. शेड झाडून लख्ख. जावईबापूंची रवानगी गोदामामागे. दारापाशी चकचकीत लोखंडी रॅक, चपला ठेवायला. मुकादम ओरडत फिरत होता, "चपला इथे तिथे दिसल्या तर बघा! पाहुण्यांना वाटेल सार्वजनिक विहिरीवर आलो!" पट्ट्यावरच्या बायांना त्या दिवशी नवे गमबूट दिले. नणंदेने ते घातले आणि तासाभरात काढले. "माझ्या पायाला नाही मानवत, चपलाच बऱ्या." बूट तिने पट्ट्याखाली सारून दिले.

दुसऱ्या चहाच्या सुट्टीत नणंद तिच्या कानाशी आली. डोळे लाल झाले होते. "ऐक, मी घरी जाते. अंग फुटतंय. मुकादमाला मी सांगितलंय, तू काही बोलू नकोस. नि शपथ लक्षात ठेव."

"मी येऊ पोचवायला?"

"तू? तुला परत आणायला मला यावं लागेल." एवढं बोलून ती गेली.

पाहुणे आले. एक म्हातारे गृहस्थ, बरोबर दोन तरुण. ताई त्यांना वरच्या गॅलरीत घेऊन उभी राहिली. पट्टा सुरू झाला. भागूबाईने दोन्ही हात मालात घातले आणि दोरीकडे बघायचं नाही असं ठरवलं. माल छान येत होता. मशीनवरही सगळं सुरळीत होतं. मुकादमाने तिच्याकडे बघून अंगठा वर केला, आणि कधी नव्हे ते तिला वाटलं, निभावलं म्हणायचं आज.

मग तिची नजर समोर दाराकडे गेली. रॅकवर गेली. खालच्या फळीवर एकच जोड होता. उजव्या चपलेला लाल सुतळी.

आधी तिला काही वाटलंच नाही. चपला रॅकमध्ये असायच्याच, त्यासाठीच तर रॅक आणली. मग हात थांबले. वन्सं घरी गेल्या. मग चपला इथे कशा? घरी जाणारी बाई अनवाणी जाते का? गमबूट घालून गेल्या असतील. तिने वाकून पाहिलं. बूट पट्ट्याखाली तसेच. दुसऱ्या कुणाच्या चपला घालून गेल्या असतील. दुसऱ्याच्या चपला? वन्सं? पायाला जरा चिखल लागला तर अख्खं घर डोक्यावर घेणारी बाई!

या कारखान्यात माणूस चपला काढतो ती एकाच जागी.

भागूबाईची बोबडी वळली.  पांढऱ्या ढिगाखाली तिने पाहिलं. जमीन झाडून स्वच्छ. तिथे चपला नव्हत्या, म्हणून लोडरवाल्याने आज भोंगाही वाजवला नव्हता. ढिगाची जवळची बाजू खचलेली. आणि पट्ट्यावर पांढरी कात्रणं ढिगाढिगाने वर चढत होती, तिच्या डोळ्यांसमोरून हौदाकडे.

माझं मेलेलं तोंड बघशील. सकाळचं ते वाक्य तिच्या कानात घणघणत होतं. वर ताई पाहुण्यांना काही दाखवत होती. नसलं कुणी तर? परत मोजाच निघाला तर? वीस-पंचवीस घरं. वन्सं घरी झोपल्या असतील आणि संध्याकाळी म्हणतील, केलंस ना वाटोळं! तिचा हात दोरीपाशी गेला, मागे आला. पुन्हा गेला. तेवढ्या वेळात पट्टा बराच पुढे सरकला, आणि हे ती पुढे आयुष्यभर विसरली नाही.

मग तिने दोरी ओढली. ओढली म्हणजे काय, दोरीला लोंबकळलीच.

पट्टा थांबला. पातं थांबताना लांबलचक कण्हलं आणि शेडमध्ये सामसूम झाली. पलीकडे मशीनवर कागद तुटल्याची ओरड झाली. मुकादम धावत आला, चेहरा पांढराफटक. "आज? अहो, आज पण?"

भागूबाई रॅककडे बोट दाखवत होती. "च... च..."

"काय च?"

"चपला! वन्संच्या!"

मुकादमाने रॅककडे पाहिलं आणि तो जागच्या जागी खिळला. "त्या तर मी ठेवल्या," तो म्हणाला. "ढिगाखाली पडल्या होत्या. पाहुणे यायचे म्हणून मीच उचलून..." 

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, पण धड कुणालाच सांगता येत नाही. झुरळ बघून खुर्चीवर चढणारी ही बाई पट्ट्यावर चढली. चढण्याआधी तिने गमबूट काढले. पांढऱ्या मालावर पाय द्यायचा तर अनवाणी, ही सवय त्या घटकेलाही सुटली नाही. पट्ट्याच्या चढावर, हौदाच्या तोंडाशी, ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी कात्रणं उपसत होती आणि मोठमोठ्याने रडत होती. "वन्सं, अहो वन्सं, ओ द्या ना!" बाकीच्या बाया तिच्यामागे चढल्या. कात्रणं उडत होती. एका जागी तिचा हात गरम काहीतरी लागून थांबला. पाय होता. तापाने फणफणलेला, अनवाणी, जिवंत पाय.

नणंदेला ओढून काढलं तेव्हा तिला धड शुद्ध नव्हती. घरी जाण्याआधी घटकाभर पडावं म्हणून ती ढिगावर चढली आणि तिथेच तिचा डोळा लागला. लोडरने उचललं कधी, ओतलं कधी, काही कळलं नव्हतं. तापाच्या गुंगीत तिला वाटत होतं, ट्रकमध्ये झोपलीय. केसांत कात्रणं, खांदा खरचटलेला. तिने डोळे किलकिले केले, वर हौदाची कड पाहिली, मग भागूबाईकडे पाहिलं.

"ओढलीस ना दोरी?" ती पुटपुटली.

भागूबाईने तिला पोटाशी धरलं. 

गॅलरीतून पाहुणे खाली आले. म्हातारे गृहस्थ पट्ट्याच्या कडेने हौदापर्यंत चालत गेले. मग त्यांनी ताईला विचारलं, "असा एकदा पट्टा थांबला तर तुमचं किती नुकसान होतं?" ताईने सांगितलं. आकडा तिने कमी करून सांगितला नाही. "तुम्ही आम्हाला दिलेल्या भावात हे धरलंय?" "नाही," ताई म्हणाली. "तर मग तो भाव खोटा आहे," म्हातारे म्हणाले. "धरून परत पाठवा." आणि ते गेले.

ताईने धरून पाठवला. भाव वाढला, तेव्हा खोकीवाल्यांनी सगळा माल न देता निम्माच दिला. एक पाळी चालते, दुसरी बंद पडली. काही बायांना दुसरीकडे काम शोधावं लागलं आणि त्यातल्या दोघी भागूबाईशी अजून बोलत नाहीत. त्यांचंही काही चुकत नाही. नवा लगदा महाग झाला की शेड तरते, स्वस्त झाला की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. लोडरवाला आता चपला असोत नसोत, भोंगा वाजवतोच. रॅक गोदामामागे जावईबापूंच्या शेजारी गंजत पडली आहे. मुकादम अजूनही कधी कधी हातातलं काम टाकून उगाच ढिगाखाली बघून येतो.

नणंद आठवडाभर अंथरुणात होती. भागूबाई उशाशी बसून तिच्या कपाळावर घड्या ठेवायची आणि दर थोड्या वेळाने नाकापुढे हात धरून श्वास बघायची. चौथ्या दिवशी नणंदेने तो हात पकडला.

"चालू आहे गं श्वास. किती वेळा बघशील?"

"सवय झालीय."

नणंदेने उशी मानेखाली सारली. मग म्हणाली, "शपथ मोडलीस तू माझी. मेलेलं तोंड बघशील म्हटलं होतं ना मी?"

"बघितलं की," भागूबाई म्हणाली.  "दोरीला हात लावायच्या आधी बघितलं. चपला दिसल्या तेव्हाच."

 नणंदेने कूस बदलली, पण भागूबाईचा हात मात्र सोडला नाही. संध्याकाळी मोरीकडे जायला उठली तेव्हा तिने स्वतःहून हाक मारली, "भागूबाई, चल गं सोबत. मला भीती वाटते."